गाडीच्या रंगावरचं चऱ्यांचं जाळं मशीनने काढताना पॉलिश कोणतं घ्यावं

काळ्या, मरून किंवा गडद निळ्या गाडीवर तिरपं ऊन पडलं की बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांचं गोल जाळं दिसतं. हे चरे मुळात गोल नसतात. ते वाटेल त्या दिशेने पडलेले असतात, आणि त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात. म्हणून दिवा हलवला की जाळंही त्याच्यामागे सरकतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर हे चरे तितकेच असतात, फक्त डोळ्यात भरत नाहीत.

इंदूरमध्ये याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात एका रात्रीत गाडीवर धूळ बसते, आणि सकाळी एक बादली आणि एकच फडकं घेऊन भैया दहा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात अडकते आणि दहाव्या गाडीपर्यंत घासत जाते. वर्षभरात नव्या गाडीची आरशासारखी झाक धुरकट होते.

पॉलिश विकत घ्यायच्या आधी चरे कसले आहेत ते बघा. मोबाईलचा टॉर्च हातभर अंतरावरून बोनेटवर धरा. दिव्याभोवती गोल जाळं दिसलं तर ते पुसण्या-धुण्याचे चरे. लांबट, पंख्यासारखे पसरलेले, एका बाजूला झुकलेले पट्टे दिसले तर ते रोटरी मशीनने (जे नुसतं गोल फिरतं) घाईत केलेल्या रबिंगचे वण; त्यांना होलोग्राम म्हणतात. होलोग्राम वरवरचे असतात आणि बारीक पॉलिशने जातात. तिथे पुन्हा कंपाउंड, म्हणजे सगळ्यात भरड पॉलिश, मारलं तर नवे होलोग्राम पडतात. तिसरा प्रकार एकट्या खोल चऱ्याचा. नखाचं टोक चऱ्याला आडवं फिरवा. नख अडकत असेल तर तो चरा पॉलिशने जाणार नाही, त्याच्या कडा थोड्या बोथट होतील इतकंच.

हातात किती रंग आहे

पॉलिश चरा भरत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून पृष्ठभाग सपाट करतं. कंपनीच्या रंगाचा एकूण थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छोट्या गाड्यांवर ८० ते १०० सुद्धा सापडतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. मध्यम पॉलिश एका वेळेला एक-दोन मायक्रॉन काढतं, कंपाउंड आणि कटिंग पॅड (मशीनला लावायचा सगळ्यात जास्त घासणारा पॅड) मिळून तीन-चार किंवा जास्तही. गाडीच्या पूर्ण आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये असं धरून चाला. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलेल्या जुन्या गाडीवर हा साठा बराचसा संपलेला असतो, आणि ते वरून पाहून कळत नाही.

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी मोजा. एखाद्या दारावर अचानक २०० च्या वर आकडा आला तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे, ४००-५०० च्या वर गेला तर आत पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही, तिथे अंदाजानेच सौम्य राहायचं. यंत्र नसेल आणि गाडी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली असेल तर कंपाउंडचा विचार डोक्यातून काढून टाका.

मॅट रंग आणि विनाइल रॅप यांना मशीन अजिबात लावू नका. सिरॅमिक कोटिंग असलं तर पॉलिशने ते निघून जाईल, पुन्हा करावं लागेल.

बाटलीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे

घोळ होतो तो इथेच, कारण दुकानात सगळ्यालाच पॉलिश म्हणतात.

कंपाउंड म्हणजे सगळ्यात भरड. सँडपेपरचे वण, खूप जुनं जाळं, कडक रंग यांच्यासाठी. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत डब्यातून मिळणारं घट्ट रबिंग कंपाउंड याच घरातलं, पण ते डेंटर-पेंटरच्या कामासाठी असतं. घरच्या गाडीवर ते हाताने घासलं की जुने चरे जातात आणि नवे पडतात. मध्यम पॉलिश हे रोजच्या जाळ्याचं खरं औषध. बारीक किंवा फिनिशिंग पॉलिश झाक वर आणतं, होलोग्राम आणि धुरकटपणा काढतं, मऊ रंगावर एकटंच जाळंही काढतं.

ग्लेझ मात्र चरे काढत नाही, तेलकट भरावाने लपवतं. गाडी विकायला काढलेल्या माणसाला ते सोयीचं. दोन-चार धुण्यांत जाळं परत हजर. ‘ऑल-इन-वन’ किंवा ‘क्लीनर वॅक्स’ नावाच्या बाटलीत थोडं पॉलिश, थोडा भराव आणि थोडं वॅक्स असतं. टॅक्सीला किंवा रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला एका दिवसात बरं रूप द्यायचं असेल तर तो वाईट सौदा नाही, पण किती चरे गेले आणि किती झाकले हे त्यातून कळत नाही. नुसतं वॅक्स किंवा सीलंट हे संरक्षण, त्यात घासणारं काही नसतं.

बाटलीवरचे आकडे एका कंपनीपुरतेच खरे. मेन्झर्नाच्या बाटल्यांत ४०० भरड, २५०० मध्यम, ३५०० आणि ३८०० बारीक, म्हणजे आकडा वाढला की पॉलिश सौम्य. मेग्वायर्सचं एम १०५ हे कंपाउंड आणि एम २०५ हे फिनिशिंग पॉलिश. तिथे आकड्याचा भरडपणाशी असा सरळ हिशेब नाही. म्हणून आकड्याऐवजी कंपनीच्या तक्त्यात ‘कट’ (किती घासतं) आणि ‘ग्लॉस’ (किती झाक आणतं) किती दिलाय ते बघा.

कण कसले आहेत यानेही वापर बदलतो. बहुतेक पॉलिशांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. काहींतले कण घासता घासता तुटून बारीक होत जातात. अशा पॉलिशला पूर्ण वेळ द्यावा लागतो; मध्येच थांबलात तर भरड कणांचे वण राहतात आणि दोष बाटलीला जातो. एम १०५, एम २०५ सारख्यांतले कण मुळातच अतिसूक्ष्म आणि एकसारखे असतात, तुटण्यावर अवलंबून नसतात. तिथे चरे गेले की थांबता येतं, उगाच जास्त घासलं तर जास्त रंग जातो.

पॅड आणि मशीन

पॉलिशइतकाच, कधी कधी जास्त, फरक पॅडने पडतो. तेच मध्यम पॉलिश मऊ फोमवर लावलं तर बारीक पॉलिशसारखं वागतं, मायक्रोफायबर पॅडवर लावलं तर जवळजवळ कंपाउंडसारखं. म्हणून काम कमी पडतंय असं वाटलं तर नवी बाटली आणायच्या आधी पॅड बदलून बघा. फोमचे रंग सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात: एकीचा नारिंगी कटिंग असतो, दुसरीचा नारिंगी पॉलिशिंग. पॅड दाबून बघा आणि पाकिटावरचं वाचा.

नवशिक्याने १५ मिलिमीटर थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅड किती हेलकावतो ते अंतर) ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं, ५ इंची प्लेट आणि तिला साडेपाच इंची पॅड. हे फिरतंही आणि हेलकावतंही, त्यामुळे रंग जळायची भीती कमी आणि होलोग्राम जवळजवळ पडत नाहीत. रोटरी जास्त कापते, पण हात बसलेला हवा. वेग १००० ते १५०० फेऱ्यांच्या आत. अँगल ग्राइंडरला लोकरी टोपी घालून पॉलिश करायचा उद्योग अजून चालतो. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या मारतो. बोनेटच्या धारेवरचा रंग दोन सेकंदांत उडतो.

मशीनच्या प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड काळी रेघ मारून ठेवा. काम करताना ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. ड्युअल ॲक्शनवर हात जास्त दाबला किंवा पॅड तिरका पडला की पॅड नुसता थरथरतो, फिरायचा थांबतो, आणि चरे जागचे हलत नाहीत. ‘पॉलिशमध्ये दम नाही’ म्हणून कंपाउंड आणायला निघालेल्या बहुतेकांचं दुखणं या रेघेत सापडतं.

पहिली खरेदी अशी करा: मध्यम पॉलिश २५० मिली, बारीक पॉलिश २५० मिली, पॉलिशिंग फोम चार, मऊ फिनिशिंग फोम दोन, कटिंग फोम एक, चांगली मायक्रोफायबर फडकी दहा. हॅचबॅकच्या एका हाताला साधारण ६० ते ८० मिली पॉलिश जातं, म्हणजे लिटरची बाटली घरच्या माणसाला कारण नसताना महाग. कंपाउंड या यादीत मुद्दामच नाही.

चाचणीचा चौकोन

रंग मऊ की कडक हे गाडीच्या नावावरून ठरवू नका. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट साधारणपणे कडक आणि होंडा-सुझुकीचा मऊ असतो हे अनुभवाला धरून आहे, पण एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत, दोन रंगांत फरक पडतो, आणि पुन्हा रंगवलेला पत्रा तर वेगळाच. गाडीवरच विचारायचं.

आधी गाडी शाम्पूने धुवा, लोखंडी कण विरघळवणारा फवारा मारून धुवून टाका, मग क्ले बार (रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ वडी) ओला ठेवून फिरवा. हाताला प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवलीत तर खरखर उरली असल्यास लगेच कळते. ही खरखर काढली नाही तर तेच कण पॅडमध्ये अडकतात आणि तुम्ही नवे चरे पाडत बसता. दारांच्या धारा, बोनेटच्या उभट रेषा, रबर, काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो.

बोनेटवर टेपने ४५ सेंटिमीटरचे तीन चौकोन आखा.

पहिल्या चौकोनात बारीक पॉलिश आणि पॉलिशिंग फोम. नवा पॅड कोरडा असतो, म्हणून पहिल्या वेळी पॉलिशचा पातळ थर बोटाने पूर्ण पॅडवर चोळा. मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार ठिकाणी टेकवा, मग वेग १ वर पसरवून घ्या. वेग ४ ते ५ वर न्या आणि सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर इतक्या संथ हाताने आधी आडवे, मग उभे पट्टे मारा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढला पाहिजे. मशीनच्या वजनावर थोडासाच दाब. चार ते सहा फेऱ्या, शेवटच्या दोन बिनदाबाच्या. एका चौकोनाला चार-पाच मिनिटं लागतात. दीड मिनिटात उरकत असेल तर हात घाई करतोय.

पुसून झालं की लगेच निकाल देऊ नका. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून झाक दाखवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ८५० मिली असं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत करा, फवारा आणि स्वच्छ कापडाने पुसा. सॅनिटायझर त्याजागी नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. मग टॉर्च.

जाळं गेलं आणि झाक आरशासारखी स्वच्छ, तर शोध संपला. पूर्ण गाडीला हीच जोडी. जाळं अर्धं उरलं तर दुसऱ्या चौकोनात मध्यम पॉलिश, तोच पॉलिशिंग फोम. तरी उरलं तर तिसऱ्यात मध्यम पॉलिश आणि कटिंग फोम. इथपर्यंत येऊनही जाळं गच्च असेल तरच कंपाउंड, आणि तेही जाडीचे आकडे हातात असतील तर. बारापैकी दहा चरे गेले आणि दोन खोल राहिले, तर ते दोन राहू द्या. त्यांच्यापायी सगळ्या बोनेटचा क्लिअर कोट खर्च करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

चाचणीत जाळं जातं, पण रंगावर बारीक धुकं उरतं, असं काळ्या मऊ रंगावर हमखास होतं. हे पॅडनेच पाडलेले सूक्ष्म वण असतात. तिथे दुसरा हात बारीक पॉलिश आणि मऊ फिनिशिंग फोमचा, वेग ३ ते ४, दाब नाहीच. कटिंग फोम वापरला असेल तर हा दुसरा हात धरूनच चला.

काय बिघडतं

पॅडवर गाडीचा रंग आला तर ताबडतोब थांबा. सिंगल स्टेज रंग असेल, म्हणजे क्लिअर कोट नसलेला, तर रंग येणारच. तिथे सौम्य पॉलिशने पुढे जाता येतं, जपून. पण मेटॅलिक गाडीवर रंग आला तर क्लिअर कोट संपलाय, आणि त्याला पॉलिश नाही, पेंटरच.

पांढरी पूड उडतेय: पॉलिश जास्त झालंय, पत्रा तापलाय, किंवा पॅड भरलाय. दर चौकोनानंतर पॅडवर मऊ ब्रश फिरवा, दोन पत्र्यांनंतर पॅड बदला. भरलेल्या पॅडवर सुकलेल्या पॉलिशचा पापुद्रा होतो आणि तो स्वतःच चरे पाडतो. पॉलिश जास्त असलं की ते कापतही कमी, कारण पॅड रंगावर टेकण्याऐवजी तेलावर घसरतो. उलट कमी असलं की कोरडं घासून उष्णता वाढते.

पुसताना पॉलिश चिकटतंय, ओढून काढावं लागतंय: सुकेपर्यंत घासलंय. त्याच जागी एक थेंब ताजं पॉलिश टाकून दोन हलक्या फेऱ्या मारा, ते सुटून येतं. जोर लावून पुसू नका.

बंपरवर वेग एक घर कमी ठेवा. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, रंग तिथल्या तिथे तापतो.

इंदूरचं ऊन, इंदूरचं पाणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या कामाचे महिने. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि उन्हातल्या काळ्या बोनेटवर हात ठेववत नाही. तिथे कोणतंही पॉलिश दोन मिनिटांत सुकतं आणि चांगली बाटलीही वाईट वाटते. उन्हाळ्यात करायचंच तर बंद पार्किंगमध्ये, सकाळी नऊच्या आत, आणि सुरुवात डिकी व छतापासून. चालवून आणलेल्या गाडीचं बोनेट तासभर निवू द्या. उघड्यावर वारा सुटला तर मशीन बंद करा. ओल्या पॉलिशवर बसलेली धूळ म्हणजे फुकटचं भरड कंपाउंड.

पाण्याचं वेगळं. नर्मदेच्या नळाचं पाणी धुण्याला चालतं. बोरिंगचं पाणी पत्र्यावर सुकलं की पांढरे गोल डाग राहतात. ते क्षार रंगाच्या वर बसलेले असतात आणि मशीनने घासले तर पॅडखाली कण होऊन फिरतात. आधी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, सावलीत, मिनिटभर ओलं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतरही कड्यासारखा वण दिसला तर क्षाराने क्लिअर कोट खाल्लाय. तो मध्यम पॉलिशने कमी होतो, खूप जुना असेल तर पूर्ण जात नाही. शेवटचं धुणं कोणत्याही पाण्याचं असो, सुकायच्या आत टॉवेलने टिपा.

नंतर

पॉलिश झालेला रंग उघडा असतो. त्याच दिवशी अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून सीलंट किंवा वॅक्सचा पातळ थर द्या. रोजचं कोरडं पुसणं बंद करा: धुळीची गाडी आठवडाभर तशीच राहिली तरी रंगाचं काही बिघडत नाही, कोरडं फडकं फिरलं की बिघडतं. पक्ष्याची विष्ठा मात्र दिसताच ओली करून उचला. धुताना दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, दर पत्र्यानंतर साध्या पाण्यात खंगाळा.

पॅड काम संपताच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि तोंड खाली करून सावलीत वाळवा. उन्हात मागचं व्हेल्क्रो सुटतं. पॉलिशच्या बाटल्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत त्या तापतात, तेल आणि कण वेगळे होतात. वापरण्याआधी बाटली जोरात हलवा, पहिला थेंब बोटावर चोळून बघा. हलवूनही गुठळ्या लागल्या तर ती बाटली फेकून द्या. सुकलेल्या कणांची एक गुठळी पॅडखाली आली की दिवसभराचं काम पुन्हा करावं लागतं.